मझांज्यांना नावं ठेवायची नाहीत

न्यामुरोवा डोंगरावरच्या रानात मझांज्यांना नावं ठेवायची नाहीत, हे आमच्याकडे पोरांना चालता यायच्या आधीच कळतं. चिकूएवढं फळ, साल जाड, आत पिवळसर चिकट गर. खाली पडलेलं वेचावं, झाडाला दगड मारू नये. गोड निघालं तर खावं, आंबट निघालं तर गिळावं, किडकं निघालं तर गुपचूप बाजूला ठेवावं. पोट फुटेस्तोवर खा, बादल्या भरभरून न्या, रान अडवत नाही. पण "शी, हे कसलं फळ!" एवढं तोंडातून निघालं, की पायाखालची वाट गेलीच म्हणून समजा. मग माणूस फिरून फिरून त्याच दगडापाशी येतं आणि घरचा रस्ता काही सापडत नाही. माझ्या सासऱ्यांचे एक मामा असेच बोलून बसले, ते थेट डोंगराच्या पलीकडच्या गावात निघाले, तेही एकाच चपलेवर.

मी हे खरंच मानते का, असं शाळेतल्या नव्या बाईंनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, फुकटचं खायचं आणि वर नावं ठेवायची, याला काही शिक्षा नको का?

पण सांगायचंय ते मुचानेताबद्दल. मुचानेता माझी थोरली जाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. मी तिला मायगुरू म्हणते, ती मला मायनिनी म्हणते, आणि गाव तिला तिच्या पोराच्या नावानं माई शिंगी म्हणतं. मुचानेता या नावाचा अर्थ 'दमाल तुम्ही'. ती जन्मली तेव्हा तिच्या बापाचं भावकीशी वाजलं होतं. भावकी रोज त्याच्या नावानं खडे फोडायची. त्यानं उलट उत्तर द्यायच्या ऐवजी पोरीचं नाव ठेवलं, बोला काय बोलायचं ते, दमाल तुम्हीच. आमच्याकडे पुरुष भांडणं अशी मुलींच्या नावात ठेवून देतात आणि मोकळे होतात. भावकी पुढे दमली की नाही मला ठाऊक नाही.

तिचा नवरा, बाबा शिंगी, खाणीत कामाला होता. दगड पडून पाय अधू झाला, तेव्हापासून तो घरी आहे. पाय एकच गेलाय, पण बसतो तो दोन्ही गेल्यासारखा. सकाळी आंब्याखाली, दुपारी कुणाकडे बाजरीची दारू निघाली असेल तर तिकडे, संध्याकाळी पुन्हा आंब्याखाली. माणूस वाईट नाही. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही, आणि तिच्यासाठी कधी हात हलवलाही नाही. सासूला, म्हणजे अंबुयाला, डोळ्यांनी दिसत नाही, पण सून चूल पेटवायला उशीर करते ते बरोबर दिसतं. मुलगा शिंगी आणि त्याची बायको जोहान्सबर्गला. त्यांनी तीन पोरं बसमध्ये बसवून आजीकडे पाठवून दिली, सोबत एक ब्लँकेट. पोरं गोड आहेत, पण पोरं म्हणजे भूक, दुसरं काय.

मझांजे पिकतात ते नेमके मक्याच्या निंदणीच्या दिवसांत. उजाडायच्या आत माई शिंगी रानात. झाडाखाली एकदा वाकली की बादली भरेपर्यंत वाकलेलीच. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बादली, आणि डोंगर उतरून डांबरी सडकेपर्यंत चाल. तिथं मुतारे शहराची बस थांबली की पळायचं. खिडक्यांतून हात बाहेर येतात, फळं दाबून बघतात, भाव पाडून मागतात, आणि भाव ठरतो तोवर बस सुटते. तरण्या पोरी बसच्या बरोबरीनं धावतात. माई शिंगी मागे पडायला लागली होती. उन्हं चढली की ती शेतात, शेतातून पाण्याला, पाण्यानंतर चूल, सगळ्यांचं मक्याच्या पिठाचं सादझा खाऊन झालं की सासूचे पाय.

आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे जमिनीला विश्रांती असते. त्या दिवशी मातीला कुदळ लावायची नाही, लावली तर सरदाराकडे बकरी दंड. माती बिचारी दमते, हे आमच्या पूर्वजांच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी बायका लाकडं आणतात, कपडे धुतात, धान्य कांडतात आणि घर सारवतात.

अशाच एका दिवशी संध्याकाळी मी माई शिंगीच्या चुलीपाशी मीठ मागायला गेले होते. माई शिंगी सादझा घोटत होती. घोटता घोटता थांबली, लाकडी पळी भांड्यात तशीच उभी राहिली, आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "उद्या मी रानात जात नाही. एक दिवस पडून राहते."

बाबा शिंगीनं मान वर केली. "पडून? का? काय होतंय तुला?"

"काही होत नाही. दमलेय."

"ताप आहे का?" अंबुयानं कोपऱ्यातून विचारलं.

"नाही."

"खोकल्यातून रक्त येतंय?"

"नाही, अंबुया."

"मग दमलीस कशी गं? मी नऊ बाळंतपणं केली, तुझ्या सासऱ्याला पुरला, दोन पोरं पुरली. मी कधी म्हटलं, मी दमले?"

"नाही म्हटलंत."

"मग?"

बाबा शिंगी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, आजारी असशील तर सांग. सकाळी वैदूकडे नेतो. पण नुसतं पडून राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील? हंगाम तर चार दिवसांचा आहे. आणि पोरांचं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भाऊजी, एक दिवस तुम्हीच जा की पाणी आणायला. पाय अधू आहे, डोकं तर शाबूत आहे ना? बादली डोक्यावरच ठेवायची असते."

अंबुया खो खो हसली. बाबा शिंगीही हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. माई शिंगीनं पळी पुन्हा हातात घेतली आणि घोटायला लागली. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मिठाची पुडी हातात देत म्हणाली, "मायनिनी, एक दिवस. मला कुणी हाक मारू नये, एवढंच. मी काय फार मागितलं का गं?"

आमच्याकडे तापाला रजा आहे, बाळंतपणाला थोडी आहे, मरणाला पूर्ण आहे. नुसत्या दमण्याला नाही.

सकाळी ती रानाच्या वाटेवर उभी होतीच. मी आणि माझी नवी सून नेत्साई मागून पोचलो. नेत्साई शहरात वाढलेली, पोर कामसू आहे, पण जिभेला हाड नाही. तिसऱ्या की चौथ्या झाडाखाली तिनं एक फळ फोडलं, तर आत पांढरी अळी वळवळत होती. तिचं नाक आक्रसलं, तोंड उघडलं, "ईऽ" एवढं निघालं आणि माई शिंगीनं हातातली बादली टाकून तिचं तोंड दाबून धरलं.

"काय दिसलं तुला?"

नेत्साईचे डोळे मोठे झाले. तिनं मानेनंच सांगितलं, काही नाही.

"शाबास. काही दिसलं नाही. ते फळ खाली ठेव, दुसरं उचल. हे रान आहे, तुमच्या शहरातली मंडई नव्हे, नाक मुरडायला."

मग आम्ही मुकाट्यानं वेचत राहिलो. ऊन झाडांतून खाली यायला लागलं तेव्हा बादल्या भरल्या. मी नेत्साईच्या डोक्यावर बादली चढवून दिली. माई शिंगी आपली बादली आपणच उचलते, कुणाला हात लावू देत नाही. तिनं गुडघ्यावर बादली घेतली, तिथून छातीशी, आणि छातीपासून वर जाईना. तिनं श्वास घेऊन पुन्हा जोर केला. गुडघा लटपटला, बादली कलली, आणि सगळी फळं उतारावरून घरंगळत खाली गेली.

नेत्साई आपली बादली उतरवून वेचायला धावली.

"राहू दे," माई शिंगी म्हणाली.

ती झाडाला टेकून खाली बसली. पायाशी राहिलेलं एक फळ तिनं घेतलं, दातानं साल फोडली, गर चोखला, बी थुंकली. मला वाटलं, चला, दोन मिनिटं बसतेय तर बसू दे. मग ती मान वर करून झाडाकडे बघून बोलायला लागली. पुटपुटली वगैरे नाही. बाजारात भांडताना बोलतात तेवढ्या मोठ्यानं बोलली.

"आंबट आहे. आंबट आहे आणि किडकं आहे. कालचीही तसलीच होती. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यासाठी वाकतेय. पाठीची कमान झाली. आणि तुमची चव ही असली! मला कंटाळा आलाय तुमचा. ऐकलंत का? कंटाळा!"

नेत्साईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, जणू तीच बोलली होती. माई शिंगी उठली. बादली तिथंच, चुंबळ तिथंच. कमरेचं कापड घट्ट केलं आणि गावाच्या दिशेनं नाही, डोंगराच्या बाजूला चालायला लागली. मी हाक मारणार होते, पण असं बोललेल्या माणसाला रानात हाक मारायची नसते, त्याच्या मागे जायचं नसतं. जाईल तोही हरवतो. झाडांत तिची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही दोघी उलट्या फिरलो आणि धावत सुटलो.

रानाची राखण सेकुरू मुराम्बांच्या घराण्याकडे आहे. सेकुरू, म्हणजे आजोबा, आता म्हातारे आहेत, गुडघे कुरकुरतात, कुणी काही सांगितलं की ते आधी तपकीर ओढतात आणि मग ऐकतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपकीर ओढली.

"एकदाच बोलली?"

"नाही हो. चांगली सविस्तर बोलली."

"माई शिंगी?" त्यांनी काठी हातात घेतली. "तिच्या घरच्यांना बोलवा."

असं माणूस परत मागायची रीत ठरलेली आहे. घरचे आणि भावकी रानाच्या कडेला जमतात. सेकुरू झाडाच्या मुळाशी चिमूटभर तपकीर ठेवतात. मग सगळ्यांनी पोकळ हातांनी हळू टाळ्या वाजवत, एकेका झाडापाशी गुडघे टेकत वर चढायचं आणि माणूस मागायचं. हरवलेल्याला बोल लावायचा नाही, लावला तर रान सोडत नाही. आणि तोवर घरातली त्याची चूल विझू द्यायची नाही.

चूल कोण राखणार? अंबुयाला दिसत नाही, पोरं लहान. बाबा शिंगीनं लाकडं आणली, पाणी आणलं, चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, पोरांसाठी सादझा घोटलं ते गुठळ्यांचं झालं, आणि मग लंगडत लंगडत रानाच्या कडेला आला. इतका चाललेला मी त्याला खाणीतून आल्यापासून पाहिला नव्हता. तो भ्याला होता, अगदी खरा भ्याला होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

"काय वेड लागलं का तिला?" त्यानं सुरुवात केली.

"बोल लावू नकोस," सेकुरू म्हणाले. "माग."

त्यानं गुडघा कसाबसा टेकला आणि टाळ्या वाजवल्या. "आमची बायको परत द्या. तिच्याशिवाय घर चालत नाही. पोरं उपाशी राहतात, म्हातारीचं कुणी बघत नाही, शेत तणानं भरतंय."

सेकुरूंनी त्याच्याकडे तिरकं बघितलं. "रानाला तुझ्या शेताशी काय करायचंय? तू माणूस मागतोयस की मोलकरीण? नीट माग."

बाबा शिंगीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. शेवटी एवढंच म्हणाला, "मुचानेताला परत द्या." तिचं नाव मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे नवरे बायकोला पोराच्या नावानंच हाक मारतात.

अंधार पडेपर्यंत आम्ही वाजवत होतो. ती सापडली नाही. रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. डोंगरावर बिबट्या आहे, साप तर काय पावलोपावली आहेत. मला तिच्यावर रागही येत होता. मेली, मला सांगायचं होतंस, मी तुझी बादली उचलली असती. आणि लगेच स्वतःचंच पटत नव्हतं. सांगितलं होतं की तिनं, मिठाची पुडी देताना. मी ऐकून घरी गेले होते.

सकाळी पुन्हा सगळे जमले, आदल्या दिवसापेक्षा जास्त. आम्ही पसरून चढायला लागलो. मी डाव्या अंगाला होते, टाळ्या वाजवून तळवे हुळहुळत होते. वरच्या झऱ्यापाशी एक सपाट खडक आहे, त्यावर कपारीची सावली येते. मी झुडूप बाजूला केलं, तर खडकावर माई शिंगी पडलेली. कमरेचं कापड घडी करून उशाला घेतलेलं, पाय लांब केलेले. बाजूला मझांज्यांच्या सालांचा ढीग. मेली, असंच वाटलं मला. तेवढ्यात तिनं डोळा उघडला.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "बस."

मी बसले. बसले म्हणजे पडलेच. रडूच आलं.

"रडतेस काय? मला काही झालेलं नाही."

"मायगुरू, काल तुम्ही टाळ्या ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या की. खाली त्या मोठ्या दगडापर्यंत आला होतात. छान वाजवत होतात. मला झोप लागली."

"मग हाक का नाही मारली? आम्ही तिकडे मेलो काळजीनं! बिबट्या आला असता तर?"

"आला असता तर आला असता. मला झोप आली होती गं."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की माझा राग ओसरला. मी तिच्याकडे नीट बघितलं. ओठ सुकलेले, केसांत पालापाचोळा, टाचांना भेगा. डोळ्यांखालची सूज मात्र कमी झाली होती.

"मग तुम्ही हरवलाच नव्हता," मी म्हटलं. "वाट ठाऊक होती तुम्हाला."

"वाट ठाऊक आहे. डोळे बांधून सोडलंस तरी घरी जाईन. तेच तर." तिनं कूस बदलली. "ताप येत नव्हता मला. मी वाट बघत होते ताप यायची. रोज सकाळी कपाळाला हात लावून बघायची. थंडच. मग वाटलं, रानानं नेलेल्याला कुणी बोल लावत नाही."

खालून टाळ्यांचा आवाज चढत वर येत होता. सगळे एका लयीत वाजवत होते आणि एकाचा हात मागे पडत होता.

"तो कोण, चुकतोय तो?" तिनं विचारलं.

"बाबा शिंगी."

"वर चढलाय?"

"काल चूल राखली त्यानं. सादझाच्या गुठळ्या झाल्या. पोरांनी खाल्लं तरी."

तिच्या तोंडावर हसू येतंय की रडू, ते मला कळलं नाही. एवढ्यात मागे काठी वाजली. सेकुरू मुराम्बा गुडघे धरत धरत खडकापाशी आले होते. ते थांबले. त्यांनी सालांचा ढीग बघितला, उशाची घडी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. माई शिंगी उठून बसली, पाय दुमडून घेतले आणि रीतीप्रमाणे हातांवर हात ठेवून त्यांच्यापुढे टाळी वाजवली.

सेकुरू खडकावर टेकले. तपकिरीची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. ते तिला तिच्या कुळाच्या मानाच्या नावानं बोलले, "चिहेरा, फळांना जे बोललीस, ते रागाच्या भरात बोललीस की मनापासून?"

"मनापासून, सेकुरू."

"सगळं?"

"सगळं. कंटाळा आला तेसुद्धा."

"मग तू हरवलेलीच आहेस," ते म्हणाले. "याच्यात खोटं काही नाही."

खाली टाळ्या अगदी जवळ आल्या होत्या, आता बाबा शिंगीचा आवाजही ऐकू येत होता, "मुचानेताला परत द्या, मुचानेताला परत द्या." धाप लागलेला, घोगरा आवाज. पुढच्या वळणावर तो दिसला असता.

सेकुरू म्हणाले, "आता मला सांग. मी तिकडे जाऊन काय सांगू? सापडलीस? की आम्ही अजून वाजवायचं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

"अजून थोडा वेळ वाजवा, सेकुरू," ती म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत तरी."

सेकुरू काठीवर भार देऊन उठले. झुडपापाशी जाऊन त्यांनी खाली तोंड केलं आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडले, "इकडे नाही! मागे फिरा, खालच्या झाडापासून पुन्हा सुरू करा! आणि बाबा शिंगी, चूल विझली असेल, आधी ती बघून ये!"

मग परत येऊन ते खडकाशी बसले आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवायला लागले. माई शिंगीनं उशाची घडी सारखी केली आणि आमच्याकडे पाठ करून झोपली.